तुटक पाणी

माझा मामा आयुष्यात कधी कोणावर ओरडला नाही, आणि तरी सगळ्या धक्क्यावर त्याला 'खवळे' म्हणून ओळखत.

कारण साधं होतं. मामा बंदर कचेरीत भाषांतरकार होता. रोज सकाळी साडेसहाला मुख्य कार्यालयाकडून टेलिप्रिंटरवर इंग्रजीत हवामानाचं पत्रक यायचं. वारा कुठून, किती जोराचा, लांबचं किती दिसेल, पाणी कसं. मामा त्याच्या पाच-सहा ओळी आपल्या भाषेत उतरवायचा आणि सात वाजता स्वतःच कर्ण्यावरून वाचायचा. वाऱ्याच्या दिवसांत शेवटची ओळ जवळजवळ ठरलेलीच असायची : "दुपारनंतर खाडीतील पाणी खवळलेले राहील." लाँच धुणारे, दोर गुंडाळणारे लोक ती ओळ त्याच्याबरोबर, त्याच्याच संथ आवाजात म्हणायचे आणि हसायचे. मामा जिना उतरून चहाला आला की कोणीतरी हाक मारायचं, "या खवळेसाहेब! आज कितपत खवळलंय?" मामाही हसायचा. मामी म्हणायची, "बाहेर खवळे आणि घरात गोगलगाय. खवळायचं काम तेवढं माझ्या वाट्याला."

मी त्या वेळी त्यांच्याकडेच राहत होते. टपाल कचेरीत नोकरी लागली ती त्याच गावात, आणि आईने सांगितलं होतं, मामा असताना भाड्याची खोली कशाला शोधतेस? एका शिंप्याच्या दुकानावरच्या तीन खोल्या होत्या. दिवसभर खालून शिलाई मशीनची घरघर वर यायची. सकाळी डबा द्यायला किंवा छत्री पोचवायला मी कधीकधी मामाच्या कचेरीत जायची. पहिल्या मजल्यावरची लांबट खोली, खिडकीच्या काचेवर खाऱ्या वाऱ्याने धरलेला पांढुरका थर, आणि मामाच्या टेबलावरच्या काचेखाली एक टंकलेला कागद. तो मामाच्या आधी त्या खुर्चीवर बसणाऱ्या गृहस्थांनी केलेला होता. डावीकडे पाण्याचे इंग्रजी शब्द, उजवीकडे आपले. 'स्मूथ'समोर संथ, 'मॉडरेट'समोर मध्यम, 'चॉपी'समोर खवळलेले. आणि 'चॉपी'च्या खालीच 'रफ' होता, त्याच्यासमोर नुसतं 'व. प्र.', म्हणजे वरीलप्रमाणे.

एकोणीस वर्षं मामाने त्या कागदावरून भाषांतर केलं. त्यात काही चूक आहे असं कोणाच्या मनातही आलं नाही.

त्या बुधवारी पत्रकात 'चॉपी' नव्हतं, 'रफ' होतं. मामाने ते पाहिलं होतं. हे त्याने मला नंतर स्वतःहून सांगितलं, नाहीतर कोणाला कळलंही नसतं. म्हणाला, "माझी पेन्सिल थांबली होती गं. म्हटलं, आज वेगळा शब्द आलाय. मग काचेखाली बघितलं. वरीलप्रमाणे." आणि सात वाजता त्याने वाचलं की दुपारनंतर खाडीतील पाणी खवळलेले राहील.

पलीकडच्या काठावर जाणारी सव्वाचारची लाँच एकतीस माणसं घेऊन निघाली. खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक पट्टा आहे, तो चुकवायला लाँचला थोडा वेळ आडवं व्हावं लागतं. ती आडवी झाली आणि बाहेरून आलेली लाट तिच्या कुशीत बसली. दुसरी लाट यायच्या आत ती पालथी झाली होती.

मी टपाल कचेरीच्या खिडकीवर होते. रस्त्यावरून माणसं एकाच दिशेने पळायला लागली तेव्हा आम्ही सगळेच उठलो. धक्क्यावर पोचले तर मामा खाली, पायऱ्यांपाशी टेबल टाकून बसला होता. वाचवून आणलेल्यांची नावं लिहायचं काम बंदर अधिकाऱ्यांनी त्याला दिलं होतं. ओल्या माणसांना तो दोनच प्रश्न विचारत होता : तुमचं नाव काय, आणि तुमच्याबरोबर कोण होतं. मी शेजारी जाऊन उभी राहिले, त्याने मान वर केली नाही.

तेवीस माणसं जिवंत आली. आठ गेली. त्यांत एक शाळेतल्या बाई होत्या आणि लाँचवाल्याची बहीण होती, जी लाँचवर तिकिटं फाडायची. लाँचवाला स्वतः पोहून बाहेर आला होता. पायऱ्यांवर बसून होता, आणि कोणी त्याच्या अंगावर घोंगडं टाकलं की तो ते काढून बाजूला ठेवत होता.

चौकशी लागली. तिच्या आदल्या रविवारी दुपारी बंदर अधिकारी आमच्या घरी आले. मामीने चहा टाकला. साहेब खुर्चीत बसले आणि म्हणाले, "तुम्ही कशाला जीव जाळता? आपली बाजू भक्कम आहे. सूचना दिली, नोंदवहीत वेळ आहे, तुमची सही आहे. लाँचवाल्याने ऐकलं नाही. विचारतील तेवढं सांगा आणि गप्प बसा."

मामा "हो" म्हणाला. साहेब गेल्यावर त्याने कचेरीतून आणलेली जुनी पत्रकं सतरंजीवर पसरली आणि एकेक वाचत कागदावर रेघा ओढायला लागला. मामी कप उचलता उचलता थांबली.

"साहेब बोलले ते खोटं आहे का?"

"खोटं नाही. सूचना दिली होती."

"मग?"

"पण ती सूचना नव्हती," मामा म्हणाला.

मामीला अर्थ लागला नाही, मलाही नाही. तिने फक्त एवढंच विचारलं, "नोकरी जाईल का?" मामा म्हणाला, "माहीत नाही." तिने कप नेऊन विसळले आणि परत येऊन त्याच्याशेजारी पत्रकं तारखेप्रमाणे लावायला बसली.

चौकशी नगरपालिकेच्या सभागृहात झाली. खुर्च्या कमी पडल्या, माणसं भिंतींना टेकून उभी होती. लाँचवाल्याला पुढे बसवलं होतं. इस्त्रीचा शर्ट त्याला ढगळ होत होता, कोणाचातरी आणलेला असावा.

"सकाळची सूचना तुम्ही ऐकली होती?" चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं.

"ऐकली होती, साहेब. रोज ऐकतो."

"पाणी खवळलेलं राहील असं सांगितलं होतं?"

"होय."

"तरी लाँच काढलीत?"

लाँचवाल्याने ढगळ बाही वर सरकवली. मग म्हणाला, "साहेब, त्यांचं पाणी रोजच खवळतं."

मागे दोन-चार माणसं हसली. सवयीनेच हसली, आणि लगेच गप्प झाली. अधिकाऱ्यांनी काहीतरी लिहून घेतलं. आमच्या पुढच्याच रांगेत मामा बसला होता, त्याची पाठ मला दिसत होती. तो उठून उभा राहिला. शेजारी बसलेल्या बंदर अधिकाऱ्यांनी त्याच्या कोटाची बाही ओढली, पण तो बसला नाही.

"हे बरोबर सांगताहेत," मामा म्हणाला. "एकसष्ट दिवसांची पत्रकं आणलीत मी. इंग्रजीत चव्वेचाळीस वेळा 'चॉपी' आहे. 'रफ' एकदाच आहे, त्या बुधवारी. मी दोन्हींना एकच शब्द लावला. मुख्य कार्यालयाला दोन वेगळ्या गोष्टी सांगायच्या होत्या. यांच्या कानावर एकच पडली."

"दोन्हींत फरक काय?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"मला माहीत नाही, साहेब," मामा म्हणाला. "एकोणीस वर्षं भाषांतर करतोय आणि मला माहीत नाही."

लाँचवाल्याने मामाकडे पाहिलंसुद्धा नाही, तो आपल्या हातांकडे बघत होता.

निकाल महिन्याने लागला. लाँचवाल्याचा परवाना कायमचा जायचा तो दोन वर्षांसाठी गेला. कचेरीवर ताशेरे ओढले गेले आणि ते मामामुळे ओढले गेले, हे कचेरीत कोणी विसरलं नाही. मामाला कर्ण्यापासून उचलून जुन्या फायलींच्या खोलीत टाकलं. तळमजल्यावर, जिन्याखाली, दिवसासुद्धा बल्ब लावावा लागे. बरोबरीचे लोक कामापुरतं बोलायचे. धक्क्यावर त्याला आता कोणी खवळे म्हणेना, आणि मामीला का कोण जाणे तेच जास्त लागलं. "चिडवत होते तेव्हा आपला मानत होते," ती म्हणाली.

मामाने मात्र एकच ध्यास घेतला. 'चॉपी' आणि 'रफ'मधला फरक त्याला समजून घ्यायचा होता. घरातल्या दोन शब्दकोशांत एकाच ओळीत आटोपलं होतं. म्हणून एका शनिवारी दुपारी तो मला घेऊन कॉलेजच्या ग्रंथालयात गेला. तिथे अनेक खंडांचा एक मोठा कोश होता, शब्द कुठून आले ते सांगणारा. ग्रंथपाल म्हणाले, घरी देता येणार नाही, इथेच बसा. आम्ही बसलो. मामा बोट ठेवून वाचत होता आणि मी वहीत उतरवून घेत होते.

'चॉपी' हा शब्द आधी पाण्याचा नव्हताच. 'चॉप' म्हणजे छाटणं, एका घावात तुकडा पाडणं. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी 'चॉपी' म्हणायचे ते कातडीला, थंडीने किंवा कामाने भेगा पडलेल्या हातांना. पाण्याला तो लागला फार नंतर, आणि तिथे त्याचा अर्थ होता आखूड, तुटलेल्या लाटांचं पाणी. पण तिथे कोशवाले म्हणत होते की हा 'चॉप' कदाचित त्या छाटण्यातला नसेलही. दुसराही एक 'चॉप' होता. त्याचं मूळ बाजारातलं, देवघेव करणं, अदलाबदल करणं. त्यातून पुढे वाऱ्याने एकाएकी दिशा पालटण्याला तो शब्द वापरू लागले. म्हणजे वारा पालटला की पाणी उलटसुलट होतं, तेच हे. आणि 'रफ' तर भलतीकडचाच. खरखरीत, केसाळ, जाड्याभरड्या कापडासारखं.

"यात कुठे खवळणं आहे?" मामा हळूच म्हणाला. "रागाचा तर संबंधच नाही दोन्हींत."

घरी येऊन त्याने मामीला सगळं सांगितलं. मामी त्या वेळी कपडे पिळत होती. तिने हात पुढे करून दाखवले, साबणाने आणि सोड्याने चिरलेले. "म्हणजे हे चॉपी." मामा त्या महिन्यात पहिल्यांदा हसला. दुसऱ्या दिवशी येताना मलम घेऊन आला.

पण शब्द कुठून आला ते कळलं, तरी पाणी कसं दिसतं ते कोशात नव्हतं. ते विचारायला एकच माणूस त्याला योग्य वाटला आणि त्याच्याकडे जायची त्याला भीती वाटत होती.

लाँचवाला तेव्हा धक्क्यामागे इंजिन दुरुस्तीच्या शेडमध्ये काम करायचा. मामा दोनदा गेला, दोन्ही वेळा त्याने पाठ फिरवली. तिसऱ्यांदा मामा एका पालथ्या खोक्यावर बसून राहिला. तासाभराने लाँचवाल्यानेच विचारलं,

"काय पाहिजे?"

"एका शब्दाचा अर्थ."

"माझी शाळा चौथीपर्यंत."

"माझी बी.ए.पर्यंत," मामा म्हणाला. "मला नाही आला."

लाँचवाल्याने हातांचं तेल फडक्याला पुसलं आणि तो बाहेर आला. वारा सुटला होता. धक्क्याच्या टोकाशी जाऊन त्याने बोट दाखवलं. "कर्ण्यावर तुम्ही रोज ओरडायचात ना, ते हे. हे तुटक पाणी. वारा ओहोटीच्या उलटा आला की असं होतं. लाट लांब होतच नाही, मध्येच तुटते, लगेच दुसरी. अंग भिजतं, पोट ढवळतं, बायामाणसं घाबरतात. लाँचला काही होत नाही. आणि खवळलेलं म्हणजे..." त्याने बोट खाली घेतलं. "त्याला पाठ असते. लांब पाठ. ते लाँच उचलतं."

मामाने खिशातून कागद काढून लिहून घेतलं. घरी आल्यावर तो मला म्हणाला, "तुटक. तीनच अक्षरं. माझ्या जन्माआधीपासून तो शब्द धक्क्यावर होता आणि मी कर्ण्याच्या अलीकडे बसून इंग्रजीत शोधत होतो."

त्यानंतर तो दर रविवारी जाऊ लागला. इतर लाँचवाले, जाळीवाले, गाळ उपसणारे, सगळ्यांना विचारायचा. कोणी हलकं म्हणे, कोणी डुलतं, कोणी उसळतं. एकदा दोघे 'उसळतं' आणि 'हिंदकळतं' यावरून हातघाईवर आले तेव्हा मामाच मध्ये पडला. त्याने पाच शब्दांची यादी केली, प्रत्येकासमोर पाणी कसं दिसेल, कोणती लाँच जाऊ शकेल, कोणती नाही ते लिहिलं आणि कचेरीला अर्ज केला. पोच आली, उत्तर आलं नाही.

मधे एकदा त्याने मला विचारलं, "माझ्याबरोबर येशील का एके ठिकाणी?" शाळेतल्या ज्या बाई गेल्या त्यांच्या यजमानांकडे त्याला जायचं होतं. चौकशीत जे सांगितलं ते त्यांना तोंडावर सांगायचं होतं. मी म्हटलं, त्यांनी तर सगळं ऐकलंच असेल. मामा म्हणाला, "ऐकलं असेल. पण मी त्यांना सांगितलेलं नाही."

ते गृहस्थ घड्याळं दुरुस्त करायचे. पुढच्या खोलीतच त्यांचं टेबल होतं, त्यावर पांढऱ्या कपड्यावर छोटी छोटी चक्रं मांडलेली. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि मामाचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग डोळ्याची काच काढून टेबलावर ठेवली.

"तुम्ही हे बोलला नसता," ते म्हणाले, "तर मला त्या लाँचवाल्यावर राग धरता आला असता. मी धरला होता. बरं चाललं होतं माझं. आता कोणावर धरू?"

"माझ्यावर धरा," मामा म्हणाला.

त्यांनी मामाकडे नीट पाहिलं. "जमत नाहीये," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज तिथेच फुटला. मामा उठला, पण त्यांच्या जवळ जायचं त्याला धैर्य झालं नाही. आम्ही तसेच जिना उतरलो. रस्त्यात तो मला एवढंच म्हणाला, "जायला नको होतं का गं?"

दोन वर्षं सरली. लाँचवाल्याला परवाना परत मिळाला, पण तो लाँचवर चढला नाही. शेडमध्येच राहिला. त्या सुमारास एका रविवारी त्याने मामाला काहीतरी सांगितलं, आणि मामाने ते मला बऱ्याच दिवसांनी, मी बदली होऊन निघाले त्या आठवड्यात सांगितलं.

लाँचवाला म्हणाला होता, "साहेब, त्या दिवशी सव्वाचारला मी पाणी बघितलं होतं. त्याला पाठ होती. मला दिसली होती. बहीण म्हणाली, माणसं खोळंबलीत, काढ दादा. मी काढली. तुम्ही चौकशीत उभे राहिलात तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं."

मामाने विचारलं, "मग का नाही बोललात?"

"बहिणीचं नाव आलं असतं."

मी मामाला विचारलं, "म्हणजे चूक तुझी नव्हतीच?" माझ्या मनावरचं मोठं ओझं उतरलं होतं. वाटलं, त्याचंही उतरलं असेल.

मामा म्हणाला, "तसं नाही गं. मी त्याला सांगितलं, तुमचं तुम्ही ठेवा, माझं मी ठेवतो. वाटून घेतलं म्हणून ते कमी होत नाही. माझी पेन्सिल थांबली होती, ते तर खरंच आहे ना? मी बरोबर शब्द वाचला असता तर कदाचित त्याने बहिणीला नाही म्हटलं असतं. कदाचित नसतंही म्हटलं." मग म्हणाला, "ही गोष्ट तू कोणाला सांगू नकोस. तिचं नाव नको यायला."

मी आज सांगते आहे, कारण आता मामा नाही आणि लाँचवालाही नाही.

मामा निवृत्त व्हायला चार महिने होते तेव्हा कचेरीतून एक परिपत्रक निघालं. पाण्याच्या स्थितीसाठी यापुढे खालील पाच शब्द वापरावेत. यादी मामाचीच होती, शब्दही तेच आणि क्रमही तोच. त्याचं नाव कुठेच नव्हतं, धक्क्यावरच्या कोणाचंही नव्हतं. मामाला त्याचं काही वाटलं नाही. पण परिपत्रकात 'तुटक'मधला उकार दीर्घ छापला होता. त्याने त्याच दिवशी टिपण पाठवलं, की 'तु' ऱ्हस्व हवा, कृपया दुरुस्ती व्हावी. अकरा दिवसांनी दुरुस्त केलेला कागद आला.

रविवारी तो दोन्ही कागद घेऊन शेडमध्ये गेला. लाँचवाल्याने ते उजेडात धरून बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, "मला तर दोन्ही सारखेच दिसतात."

मामा खोक्यावर बसला, खिशातून पेन्सिल काढली आणि त्याला ऱ्हस्व-दीर्घ समजावून सांगायला लागला.